हवाई हल्ल्याचे जमिनीवरचे सूत्रधार

युद्धाची दृश्ये दूरचित्रवाणीवर पाहताना आपले लक्ष साहजिकच आकाशाकडे जाते. विमान झेपावते, बॉम्ब सुटतो, धुराचा लोट उठतो आणि निवेदक 'अचूक हल्ला' असे म्हणून पुढच्या बातमीकडे वळतो. हा हल्ला नेमका कोठे करायचा हे वैमानिकाला कोणी सांगितले, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शत्रूचा पूल, धावपट्टी किंवा दारूगोळ्याचे कोठार उद्ध्वस्त करायचे असेल, तर त्या मोहिमेची आखणी कित्येक तास वा दिवस आधी झालेली असते. परंतु पायदळाची एखादी तुकडी डोंगरउतारावर अडकली असेल आणि शत्रू अवघ्या तीनशे मीटरवरून गोळीबार करीत असेल, तर आधी आखलेली कोणतीही योजना तेथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी त्या तुकडीबरोबर जमिनीवर राहून विमानाला लक्ष्य दाखवणारा माणूस लागतो. हे काम करणाऱ्यांचा आज जगातील अनेक सैन्यांत एक स्वतंत्र व्यवसायच तयार झाला आहे.

या कामाची अडचण एका साध्या हिशेबावरून लक्षात येईल. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे लढाऊ विमान दर सेकंदाला २५० मीटर अंतर कापते. म्हणजे शत्रू आणि स्वतःचे सैन्य यांच्यातील तीनशे मीटरचे अंतर वैमानिकाच्या दृष्टीने सव्वा सेकंदाचे असते. वरून पाहताना दोन्ही बाजूंचे सैनिक सारखेच दिसतात, किंबहुना बहुतेक वेळा दिसतच नाहीत. जमिनीवरून जे दुमजली घर म्हणून ओळखू येते, ते वरून केवळ एक चौकोनी छप्पर असते आणि तशीच आणखी वीस छपरे शेजारी असतात. जमिनीवरचा सैनिक आणि आकाशातला वैमानिक एकाच भूभागाकडे पाहत असले, तरी दोघांना दिसणारे जग वेगळे असते. या दोन जगांचा मेळ घालणे हेच या व्यवसायाचे सार होय.

दुसऱ्या महायुद्धातील धडे

पायदळाला विमानांची साथ देण्याची कल्पना पहिल्या महायुद्धापासूनची आहे. तिला शास्त्रशुद्ध रूप आले ते दुसऱ्या महायुद्धात. इटलीच्या आघाडीवर ब्रिटिशांनी १९४३-४४ च्या सुमारास 'रोव्हर' नावाची पथके उभारली. ही पथके आघाडीवरच्या सैन्याबरोबर असत आणि वर घिरट्या घालणाऱ्या लढाऊ विमानांना बिनतारी संदेशाद्वारे लक्ष्य देत. थांब्यावर रांगेने उभ्या असलेल्या टॅक्सींपैकी पुढची बोलावून घ्यावी, तशी विमाने बोलावली जात. म्हणून या पद्धतीला 'कॅब रँक' हे नाव पडले. ब्रह्मदेशाच्या जंगलातही अशाच चौक्यांवरून ब्रिटिश आणि भारतीय विमानांना मार्गदर्शन केले जात असे.

फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या लढाईत अमेरिकन जनरल एलवूड क्वेसाडा यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. जुलै १९४४ मधील 'ऑपरेशन कोब्रा'च्या वेळी त्यांनी आघाडीच्या रणगाड्यांत विमानांशी बोलता येईल अशी संदेशयंत्रे बसवली आणि ती हाताळण्यासाठी चक्क वैमानिकच रणगाड्यात बसवले. वैमानिकाची भाषा वैमानिकालाच चांगली कळते, हा त्यामागचा विचार होता आणि तो कमालीचा यशस्वी ठरला.

याच मोहिमेच्या आरंभी मात्र एक भयंकर घटना घडली. २४ आणि २५ जुलै रोजी मोठ्या उंचीवरून आलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे काही बॉम्ब आपल्याच सैन्यावर पडले. त्यात शंभराहून अधिक अमेरिकन सैनिक ठार झाले आणि मृतांमध्ये लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर यांच्यासारखा ज्येष्ठ अधिकारीही होता. त्या बॉम्बफेकी विमानांचा खालच्या सैन्याशी थेट संवाद नव्हता. रणगाड्यात बसलेला वैमानिक जो संवाद साधत होता, तो नसला तर काय होते याचा धडा त्याच मोहिमेने दिला. कोरियात आणि व्हिएतनाममध्ये लहान, संथ विमानांतून लक्ष्य दाखवणाऱ्या नियंत्रकांनी हीच परंपरा पुढे चालवली.

नऊ ओळींचा संदेश

आज अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांत या कामाची पात्रता मिळवलेल्या सैनिकाला 'जॉइंट टर्मिनल अटॅक कंट्रोलर', संक्षेपाने 'जेटॅक' म्हटले जाते. जेटॅक हे पद नसून ती एक पात्रता आहे. विमानाला शस्त्र सोडण्याची अखेरची अनुमती शब्दांत देण्याचा अधिकार या पात्रतेमुळे मिळतो. हल्ला करायचा की नाही, याचा निर्णय त्या भागातील भूसेनेच्या अधिकाऱ्याचा असतो. जेटॅक त्याच्या वतीने बोलतो. परंतु अनुमतीचे शब्द त्याच्या तोंडून गेल्याशिवाय वैमानिक शस्त्र सोडू शकत नाही.

हा संवाद कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. नियंत्रक वैमानिकाला नऊ ओळींचा ठरावीक संदेश देतो. पहिल्या तीन ओळींत हल्ल्यासाठी कोणत्या ठिकाणाहून यायचे, कोणत्या दिशेने यायचे आणि लक्ष्य किती अंतरावर आहे, हे असते. पुढच्या तीन ओळींत लक्ष्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, त्याचे वर्णन आणि नेमके ठिकाण येते. अखेरच्या तीन ओळी लक्ष्यावर कोणती खूण केली आहे, आपले सैन्य कोठे आहे आणि हल्ल्यानंतर विमानाने कोणत्या दिशेने बाहेर पडायचे, याविषयी असतात. देश कोणताही असो, क्रम बदलत नाही. त्यामुळे डच नियंत्रक आणि अमेरिकन वैमानिक यांची आधी कधी भेट झालेली नसली, तरी त्यांचे काम अडत नाही.

यांतील उंची आणि ठिकाण या दोन ओळी, तसेच हल्ल्यावरची बंधने, वैमानिकाने परत म्हणून दाखवायची असतात. उंचीला एवढे महत्त्व कशासाठी, असे वाचकांना वाटेल. उपग्रहाच्या साह्याने दिशा धरणारा बॉम्ब तिरप्या मार्गाने खाली येतो. लक्ष्याची उंची चुकीची सांगितली, तर नकाशावरचा बिंदू बरोबर असूनही बॉम्ब पुढे किंवा मागे पडतो. डोंगराळ मुलुखात हा फरक जीवघेणा ठरतो.

त्यानंतर वैमानिकाला लक्ष्य ओळखता यावे म्हणून नियंत्रक मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे जात वर्णन करतो. आधी नदीचे वळण, मग पूल, पुलापासूनचा रस्ता, रस्त्यालगतची झाडांची रांग आणि शेवटी झाडांच्या टोकाशी असलेली भिंत. प्रत्येक टप्प्यावर वैमानिकाने 'दिसले' म्हटल्याखेरीज पुढे जायचे नाही. सगळे जुळले, विमानाचा रोख योग्य असला आणि आपले सैनिक सुरक्षित असल्याची खात्री झाली, की नियंत्रक 'क्लिअर्ड हॉट' हे दोन शब्द उच्चारतो. आपले सैन्य बॉम्बच्या धोक्याच्या टप्प्यात असतानाही हल्ला करणे भाग असेल, तर 'डेंजर क्लोज' असे सांगावे लागते आणि जमिनीवरच्या अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे वैमानिकाला कळवावी लागतात. ही जोखीम कोणी पत्करली, याची नोंद राहावी हा त्यामागचा हेतू आहे.

याखेरीज एक शब्द असा आहे, की जो या संवादातील कोणीही, कोणत्याही क्षणी उच्चारू शकतो. तो शब्द म्हणजे 'अबॉर्ट', अर्थात हल्ला थांबवा. त्यासाठी दर्जा लागत नाही आणि तेथल्या तेथे कारणही द्यावे लागत नाही.

लाल आणि काळ्या टोप्या

अमेरिकेत १९४७ मध्ये हवाई दल भूसेनेपासून स्वतंत्र झाले. तेव्हापासून लढाऊ विमाने एका दलाकडे आणि त्यांची गरज दुसऱ्या दलाला, अशी स्थिती निर्माण झाली. त्यावर तोडगा म्हणून हवाई दलाने आपलीच माणसे भूसेनेच्या तुकड्यांबरोबर ठेवली. 'टॅक्टिकल एअर कंट्रोल पार्टी' या नावाने ओळखले जाणारे हे सैनिक पगार हवाई दलाचा घेतात, पण त्यांचे आयुष्य जाते पायदळाच्या आणि रणगाडादळाच्या छावण्यांत. त्यांची काळी टोपी ही त्यांची ओळख आहे.

लाल टोपीचे 'कॉम्बॅट कंट्रोलर' हे त्यांचे भाऊबंद होत. ते विशेष दलांबरोबर शत्रूच्या मुलुखात उतरतात. हवाई हल्ल्यांच्या मार्गदर्शनाखेरीज ते नागरी विमानतळावरच्या नियंत्रकाचीही प्रमाणित पात्रता मिळवतात. एखाद्या ओसाड माळावर धावपट्टी आखून तेथे विमाने उतरवण्याचे काम ते करू शकतात. २००१ च्या उत्तरार्धात उत्तर अफगाणिस्तानात घोड्यावरून फिरणाऱ्या अमेरिकन पथकांबरोबर असे नियंत्रक होते. मूठभर माणसे आणि वरून येणारी विमाने यांच्या बळावर स्थानिक सेनांनी मझार-ए-शरीफ नोव्हेंबरमध्ये ताब्यात घेतले. मार्च २००२ मध्ये ताकुर घर या बर्फाळ शिखरावर लढताना मरण पावलेले जॉन चॅपमन हे कॉम्बॅट कंट्रोलरच होते. त्यांना २०१८ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर' हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

अमेरिकन मरीन दलाची रीत निराळी आहे. तेथे वैमानिकालाच काही काळ पायदळाच्या बटालियनबरोबर पाठवले जाते. ब्रिटनमध्ये भूसेनेचे अधिकारी आणि सैनिकही हे काम शिकतात. राजपुत्र हॅरी २००७-०८ मध्ये अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात होते, तेव्हा त्यांच्याकडे हीच जबाबदारी होती. विमानातून दिसणारे चित्र जमिनीवरच्या पडद्यावर पाहून ते वैमानिकांशी बोलत असत.

या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाला काय शिकावे लागते? अमेरिकन हवाई दलात सैनिक म्हणून या शाखेत जाण्यासाठी पदवी लागत नाही. शालान्त शिक्षण पुरते. परंतु निवड कठीण असते आणि शिकाऊंपैकी अनेक जण मध्येच गळतात. पाठीवरचे ओझे घेऊन लांब पल्ल्याची चाल, छत्रीउडी, शत्रूच्या मुलुखात तग धरून राहण्याचे शिक्षण, संदेशयंत्रांची हाताळणी आणि त्यानंतर प्रत्यक्ष विमानांबरोबर जेटॅक पात्रतेचा अभ्यासक्रम, असा हा क्रम आहे. पात्रता एकदा मिळाली की जन्मभर टिकते असेही नाही. दर सहा महिन्यांत ठरावीक संख्येने विमानांचे नियंत्रण करून दाखवले नाही, तर ती स्थगित होते. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने लढाऊ कामाच्या सर्व शाखा स्त्रियांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला आणि २०२० मध्ये काळ्या टोपीचे प्रशिक्षण पूर्ण करणारी पहिली महिला सैनिक बाहेर पडली.

चूक कोठे होते?

बॉम्ब आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक अचूक झाले आहेत. पण बॉम्ब अचूक असणे आणि हल्ला अचूक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉम्ब सांगितलेल्या जागी पडतो. जागा सांगतो तो माणूस.

५ डिसेंबर २००१ रोजी कंदाहारच्या उत्तरेस एका नियंत्रकाने लक्ष्याचे ठिकाण उपग्रह-यंत्रावर मोजले. दरम्यान यंत्राची बॅटरी बदलावी लागली. पुन्हा सुरू झालेले यंत्र लक्ष्याऐवजी स्वतःचेच ठिकाण दाखवू लागले आणि तेच आकडे विमानाला गेले. सुमारे ९०० किलो वजनाचा बॉम्ब अगदी अचूकपणे त्यांच्याच ठाण्यावर येऊन पडला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांचे अनेक अफगाण साथीदार ठार झाले. त्याच दिवशी ज्यांच्या नावावर अफगाणिस्तानचे हंगामी प्रमुख म्हणून शिक्कामोर्तब झाले, ते हमीद करझाई तेथेच होते. ते किरकोळ जखमांवर बचावले. एका देशाचे भवितव्य बॅटरीच्या एका बदलावर क्षणभर लोंबकळले होते.

४ सप्टेंबर २००९ च्या पहाटे कुंदुझजवळ घडले ते याहून गंभीर होते. तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर नदीच्या वाळूत रुतले होते आणि भोवती माणसांची गर्दी होती. जर्मन तळावरून हल्ल्याची मागणी झाली. आधी खालून उड्डाण करून गर्दीला पांगवावे, असे अमेरिकन वैमानिकांनी सुचवले. ते मान्य झाले नाही. आपले सैन्य शत्रूच्या संपर्कात आहे, असे त्यांना सांगण्यात आले, वास्तविक तसे नव्हते. हल्ल्यात नव्वदहून अधिक माणसे मेली आणि त्यांत इंधन भरून नेण्यासाठी आलेले गावकरी मोठ्या संख्येने होते. या प्रकरणाची धग जर्मन मंत्रिमंडळापर्यंत पोहोचली आणि हल्ल्याच्या वेळी संरक्षणमंत्री असलेल्या फ्रान्झ योझेफ युंग यांना त्याच वर्षी मंत्रिपद सोडावे लागले. येथे यंत्र चुकले नव्हते. वैमानिकांना दिलेली माहिती खरी नव्हती.

जून २०१४ मध्ये झाबुल प्रांतात रात्रीच्या वेळी बी-१ जातीच्या विमानाने आपल्याच सैनिकांवर बॉम्ब टाकले आणि पाच अमेरिकन व एक अफगाण सैनिक प्राणास मुकले. आपली ओळख पटावी म्हणून सैनिकांनी अवरक्त प्रकाशाचे दिवे लावले होते. पण ते दिवे त्या विमानावरच्या दुर्बीण-यंत्राला दिसूच शकत नव्हते. वैमानिकांना दिवे दिसले नाहीत, म्हणून ते शत्रू आहेत असा समज झाला.

या तिन्ही घटना निरनिराळ्या आहेत. पण प्रत्येक ठिकाणी कोणी तरी एक प्रश्न आणखी विचारला असता, तर हल्ला थांबला असता. हे आकडे नक्की कोणाचे आहेत? ती माणसे नक्की कोण आहेत? आमचे दिवे तुम्हाला दिसतात तरी का? म्हणूनच या व्यवसायात धाडसापेक्षा अधिक मोल आहे ते गोळीबारातही शांतपणे शंका घेण्याच्या सवयीला. भोवती सहकारी जखमी होऊन पडलेले असताना आणि अधिकारी हल्ल्याची घाई करीत असताना 'अबॉर्ट' म्हणणे हे 'क्लिअर्ड हॉट' म्हणण्यापेक्षा अवघड असते.

भारताचा अनुभव

आपल्याकडे या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९७१ मधील लोंगेवालाची लढाई. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीने ४ डिसेंबरची रात्र पाकिस्तानी रणगाड्यांना तोंड देत काढली आणि पहाट होताच जैसलमेरहून हंटर विमाने आली, हे 'बॉर्डर' चित्रपटामुळे घरोघरी ठाऊक झाले आहे. त्या हंटर विमानांना वाळवंटातील लक्ष्ये दाखवणारे मेजर आत्मासिंग मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. 'कृषक' नावाच्या हलक्या, संथ विमानातून, जमिनीवरून होणाऱ्या माऱ्याची तमा न बाळगता ते रणांगणावर घिरट्या घालत होते. विशेष म्हणजे ते हवाई दलाचे नव्हते, तर लष्कराच्या हवाई निरीक्षण शाखेचे होते.

या शाखेतूनच पुढे १९८६ मध्ये स्वतंत्र आर्मी एव्हिएशन कोअर निर्माण झाली. या परंपरेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. तोफखान्याला लक्ष्य दाखवणारे निरीक्षक अधिकारी देवळालीच्या तोफखाना विद्यालयात तयार होतात आणि लष्कराच्या वैमानिकांचे प्रशिक्षण शेजारीच नाशिक रोडला होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात, त्याचेही या संदर्भात महत्त्व आहे. वीस वर्षांनी एकाने खंदकातून आणि दुसऱ्याने विमानातून बोलताना एकमेकांवर विश्वास ठेवायचा असतो. त्याचा पाया तेथे घातला जातो.

भारतात जेटॅकसारखी जाहिरात देऊन भरली जाणारी वेगळी नोकरी नाही. आघाडीवरून विमानांना मार्गदर्शन करण्याचे काम परंपरेने हवाई दलाचे वैमानिक अधिकारी लष्कराबरोबर काही काळ राहून करतात. ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे, त्यांचा मार्ग प्रबोधिनीतून, पदवीनंतरच्या संरक्षण सेवा परीक्षांतून किंवा हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून जातो. कारगिलमध्ये १९९९ साली सोळा-अठरा हजार फुटांवरच्या दगडी मोर्चांतील शत्रू वेगवान विमानांतून शोधणे किती दुष्कर असते, याचा अनुभव आपल्या हवाई दलाने घेतला आहे. ताबारेषा ओलांडायची नाही, या बंधनामुळे ते काम आणखी अवघड झाले होते.

ड्रोनच्या युगात

या व्यवसायाचे भवितव्य काय, हा प्रश्न आता उभा राहिला आहे. अफगाणिस्तानात तालिबानकडे विमाने पाडण्याची फारशी साधने नव्हती. म्हणून विमाने तासन् तास डोक्यावर थांबू शकत. युक्रेनमध्ये २०२२ पासून चाललेल्या युद्धात तसे चित्र नाही. क्षेपणास्त्रांच्या भीतीने दोन्ही बाजूंची विमाने आघाडीवर मुक्तपणे फिरू शकत नाहीत आणि त्यांची जागा बऱ्याच अंशी छोट्या ड्रोननी घेतली आहे. अमेरिकन हवाई दलानेही काळ्या टोपीच्या सैनिकांची संख्या चाळीस टक्क्यांहून अधिक कमी करण्याची योजना आखल्याचे २०२३ मध्ये उघड झाले.

नकाशाची जागा हातातल्या पडद्याने घेतली आहे आणि नऊ ओळींचा संदेश आता यंत्रांमार्फतही पाठवता येतो. उद्या लक्ष्य सुचवण्याचे काम संगणक करील, अशी चिन्हे आहेत. परंतु पडद्यावर दिसणारा ठिपका शत्रूचा आहे, आपल्या सैनिकाचा आहे की पाणी भरायला निघालेल्या गावकऱ्याचा, याची जबाबदारी कोणाला तरी स्वतःच्या नावावर घ्यावीच लागेल. ड्रोन आला म्हणून त्या आद्याक्षरांची गरज संपत नाही. उलट हल्ला जितका सोपा होईल, तितकी तो थांबवू शकणाऱ्या माणसाची गरज वाढत जाईल. दूरचित्रवाणीवर यापुढे 'अचूक हल्ला' हे शब्द कानी पडतील, तेव्हा तो कोणाच्या सांगण्यावरून झाला, हे विचारण्याचा हक्क नागरिक म्हणून आपल्यालाही आहे.